धंदा आपला, भांडवल कुणाचे?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून महिला मंडळातर्फे आम्ही बोलतो ते मुलांच्या शिक्षणाविषयी, संस्कारांविषयी. यंदा आम्ही विषय घेतला आहे पैशाचा. विहारात पैशाच्या गोष्टी कशाला, असे काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटले, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. त्यांचा मान राखून आम्ही एवढेच सांगतो की, वर्षावासात आपण जे सिगालोवाद सुत्त ऐकतो, त्यात भगवंतांनी एका गृहस्थाच्या मुलाला पैशाचाच हिशेब सांगितला आहे. मिळकतीचे चार भाग करावे. एक भाग खाण्यापिण्याला, संसाराला. दोन भाग कामधंद्यात घालावे. आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावा. दोन भाग म्हणजे निम्मी मिळकत! आता इथे बसलेल्या भगिनींपैकी किती जणी निम्मी मिळकत धंद्यात परत घालतात? हात वर करू नका. आम्हालाही करता येणार नाही.

आणि धंदा करणाऱ्या आमच्यात नाहीत असेही नाही. मंडळाच्या बैठकीत आम्ही सहज मोजायला बसलो, तर एकेका चाळीत बोटे पुरेनात. कुणी ब्लाऊज शिवते, कुणी ऑफिसचे डबे करते, कुणी मसाले कुटून देते, पाळणाघर चालवते, पार्लर चालवते, सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात स्टॉल लावते. पण विचारले, "वहिनी, काय करता?" तर उत्तर येते, "काही नाही हो, घरीच असते. थोडं शिवणकाम करते." दिवसाला दहा तास मशीन चालते, त्यावर मुलीची फी जाते, आणि तरी "काही नाही"! आमच्या मते खरी अडचण इथूनच सुरू होते. जे "काही नाही" आहे त्याला बँक कर्ज कसे देणार?

हे आजचे नाही. या गिरणगावातली बाई शंभर वर्षे धंदा करते आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून, घाटावरून गडी माणसे यायची, बायकामुले गावी ठेवून. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची. त्यांना जेवू कोण घालायचे? खाणावळवाली. दहा बाय बाराच्या खोलीत, पहाटे पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी उठून, पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. दुपारी परत, रात्रपाळीसाठी परत. हा धंदा नव्हे तर काय? रोजचा कच्चा माल, रोजची विक्री, महिन्याची उधारी, वसुली, सगळे त्यात होते. फक्त भांडवल नव्हते. जेवणाचे पैसे गिरणीचा पगार झाल्यावर एकदम मिळायचे, आणि तांदूळ-ज्वारी तर रोज लागायची. मग वाण्याकडे उधारी. वाणी उधारीचा माल महाग लावणार. ते पुरले नाही की सावकार, शंभराला महिन्याला दहा. तेही नाही झाले की गळ्यातले गहाण. वर्षाचा हिशेब केला तर शंभर रुपयांवर एकशेवीस रुपये व्याज! अशा पैशावर टाटा-बिर्लांनाही धंदा चालवता आला नसता, तो आमच्या आयाबायांनी चालवला. म्हणून त्यांची खाणावळ वीस वर्षांनीही वीस ताटांचीच राहिली. त्या कष्टात कमी नव्हत्या. वाढावा तो पैसा व्याजात जात होता.

१९७३-७४ च्या गिरणी संपात, बेचाळीस दिवस, या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले. संप मिटला, पण बाई कर्जात बुडाली. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे डोळ्यांनी पाहिले. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेली ही बाई. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, लहान माणसाला कर्ज द्या असे सरकार सांगत होते, पण लहान माणूस बँकेच्या दारात जायला घाबरत होता आणि बँकही त्याला ओळखत नव्हती. प्रेमाताईंचे यजमान दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले पुढारी, त्यामुळे बँकेच्या आतली वाट त्यांना ठाऊक. पहिल्या चौदा खाणावळवाल्यांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपये मिळाले. तारण काय? काही नाही. एकमेकींची हमी. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात. आणि पैसे वेळेवर परत गेले, म्हणून पुढच्या बायकांना मिळाले, मग आणखी पुढच्या. त्यांच्या कन्या मेधाताई पुरव-सामंत यांनी १९९३ पासून हेच काम पुण्यात वाढवले.

आम्ही ही हकीकत इतकी लांबवून सांगतो याला कारण आहे. त्या १५०० रुपयांनी बाईची भाकरी बदलली नाही, हात बदलले नाहीत. बदलले ते फक्त व्याज, आणि बदलला कागद. तिचे नाव पहिल्यांदा एका खात्यावर आले, आणि ती पैसे फेडते हे पहिल्यांदा कुठेतरी लिहिले गेले. आपली भिशी बघा. इथल्या कित्येक जणींनी वीस-वीस वर्षे भिशीचा एक हप्ता चुकवला नसेल. एवढी इमानदारी कुठल्या शेठजीत नाही. पण ती कुठे लिहिलेली आहे का? वहीही फाटून गेली. बँकेला तुमची इमानदारी ठाऊक नाही, कारण तुम्ही ती फक्त शेजारणीला दाखवली. भिशी बंद करा असे आम्ही म्हणत नाही, अडल्या वेळी तीच धावून येते. पण निदान धंद्याचा पैसा तरी स्वतःच्या खात्यातून आत-बाहेर जाऊ द्या.

आता एक कडू गोष्ट. खाणावळींच्या या इतिहासात आपले वाढप वेगळे होते, हे विसरता येत नाही. गिरणीत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि दुसऱ्यांना तो विटाळ वाटे. पगार जास्त त्याच खात्यात. बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या वेळी धसास लावला. धाग्याचे हे, तर भाकरीचे काय असेल! आमच्या आज्या सांगायच्या, आपल्या खाणावळीत आपलीच माणसे जेवायची. म्हणजे गिऱ्हाईक आधीच थोडे, त्यात ते कमी पगारी.

खुद्द बाबासाहेबांचे बघा. १९१७ साली ते परदेशातून शिकून परत आले, तेव्हा परळच्या चाळीत राहून त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा कोण जातीचा हे कळले, आणि गिऱ्हाइके यायची बंद झाली. पुढे ज्यांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला, त्यांच्या धंद्याची ही गत!

मग आजही आपली एखादी भगिनी डब्याच्या जाहिरातीवर नुसते "ताईंचे घरगुती जेवण" लिहिते, आडनाव लिहीत नाही. आम्ही तिला नावे ठेवणार नाही. तिला तिचे गिऱ्हाईक ठाऊक. पण कर्जाच्या अर्जावर, परवान्यावर, खात्यावर पूर्ण नाव लिहावेच लागते, आणि तिथे मात्र ते ठळक अक्षरांत लिहा. अन्नाचा धंदा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी, आणि लहान उद्योगाची "उद्यम" नोंदणी, या दोन्ही घरबसल्या होतात. उद्यमला तर एक पैसा लागत नाही. कुणी दलाल हजार-पाचशे मागत असेल तर विहारात या, आमच्या मुली फोनवर करून देतील.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या फजितीची आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या जेवणाची एक मोठी ऑर्डर आमच्या बायकांनी मिळून घेतली. तीनशे पाने. समोरची माणसे आपलीच, म्हणून दर विचारला नाही, आगाऊ रक्कम मागितली नाही. मागायची लाजच वाटली! भाजी, तेल, तांदूळ सगळे वाण्याकडून उधारीवर. जेवायला माणसे आली चारशे. जेवण उत्तम झाले, माइकवरून आमचे कौतुक झाले, टाळ्या पडल्या. पैसे मात्र चार महिन्यांनी आले, तेही तुकड्या-तुकड्यांनी, आणि वरच्या शंभर पानांचे आलेच नाहीत. वाणी आमच्या दारात. शेवटी दोघींनी कानातले गहाण ठेवले. म्हणजे १९७४ ची खाणावळवाली जिथे उभी होती, तिथेच आम्ही परत जाऊन उभ्या राहिलो, आणि तेही शिकून-सवरून. तेव्हापासून मंडळाचा नियम आहे: निम्मी रक्कम आधी, मग चूल पेटेल. सख्खा भाऊ असला तरी. काही जण रागावले. एक-दोन ऑर्डरी गेल्या. जाऊ द्या.

आता हिशेबाचे. समजा एक भगिनी पंचवीस डबे करते, ऐंशी रुपयांना एक. दिवसाचे २००० झाले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२,००० रुपये. किराणा, भाजी, गॅस, डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार मिळून ३६,००० गेले असे धरा. राहिले १६,०००. ती म्हणते, महिन्याला सोळा हजार फायदा. बायांनो, हा फायदा नाही! पहाटे चारपासून दुपारपर्यंत ती राबते, त्याची मजुरी कुठे धरली? हेच काम तिने दुसऱ्याच्या कँटीनमध्ये केले तर पंधरा हजार पगार मागेल की नाही? मागेल. मग धंद्याचा फायदा झाला एक हजार. आणि हजार रुपयांत धंदा वाढत नाही. एक मिक्सर जळला की गेले. तेव्हा आधी स्वतःचा पगार लिहा, मग फायदा लिहा. म्हणजे कळेल की दर वाढवायचा की डबे वाढवायचे, आणि डबे वाढवायला नेमके काय आणायचे, मोठे ग्राइंडर की मदतीला बाई. (गॅसचेही तसेच. घरगुती सिलिंडरवर धंदा करणे कायद्यात बसत नाही. १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच दरात धरा.) घरखर्चाचा आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात राहिला तर यातले काहीच कळत नाही. चार भागांचा हिशेब चाळीतल्या घरात जसाच्या तसा जमणे कठीण आहे, आम्हीही संसारच करतो. पण दोन भाग नाही तर अर्धा भाग तरी धंद्याच्या डब्यात जाऊ द्या, आणि तो पोराच्या वाढदिवसाला उघडू नका.

कर्जाविषयी आपल्याकडे दोन टोके आहेत. एक तर "कर्ज नको गं बाई", किंवा मिळेल तिथून उचल. आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या कंपन्यांचे तीन-तीन हप्ते एकीच्या डोक्यावर, आणि एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचे कर्ज! हे धंद्याचे कर्ज नव्हे. धंद्याचे कर्ज ते, ज्यातून आणलेली वस्तू स्वतःचा हप्ता स्वतः कमावते. ग्राइंडर हप्ता कमावते. बारशाचा मंडप कमावत नाही.

सरकारी मार्ग आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. कल्पनाताई सरोज यांचे नाव आपण सर्व जाणतो. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातून येऊन इथे कपड्यांच्या कारखान्यात मजुरी करणारी आपली मुलगी. पन्नास हजारांच्या सरकारी योजनेतल्या कर्जावर तिने दुकान उभे केले आणि पुढे शंभर कोटींहून जास्त देण्यात बुडालेली कमानी ट्यूब्ज चालवायला घेतली. २०१३ साली पद्मश्री झाली. त्यांचा फोटो आपण लावतो, सत्कार करतो, पण त्या पन्नास हजारांच्या अर्जाविषयी कुणी विचारत नाही.

मुद्रा योजना २०१५ पासून चालू आहे, तारण लागत नाही. शिशु म्हणजे पन्नास हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत, आणि २०२४ पासून, तरुण फेडून झालेल्यांना वीस लाखांपर्यंत. आपल्या बायका शिशुवर थांबतात. शिशु फेडले की हुश्श करून पासबुक कपाटात! अहो, शिशु फेडले तेव्हाच तर तुमची पत तयार झाली. त्याच महिन्यात किशोरचा अर्ज द्यायचा. लेकरू पहिलीत पास झाले म्हणून आपण शाळेतून काढतो का?

एका बँकेत आमच्या एका भगिनीला साहेबांनी विचारले, "मिस्टर कुठे आहेत? त्यांना घेऊन या." धंदा हिचा, मशीन हिचे, आणि सही मिस्टरांची. ती परत आली ती सहा महिने गेलीच नाही. मग आम्ही चौघी तिच्याबरोबर गेलो, हिशेबाची वही आणि वर्षाचे पासबुक टेबलावर ठेवले. साहेबांनी वही चाळली आणि चहा मागवला. कर्ज मागितले त्यापेक्षा थोडे कमी मिळाले, पण मिळाले, आणि तिच्या सहीवर. उलटही घडले आहे, तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या एकीच्या नावाने काढलेल्या कर्जातून घरी मोटारसायकल आली. हप्ते थकले, आणि थकले ते हिच्या नावावर. आता तिला कुठलीच बँक उभी करीत नाही. बापूंनो, भावांनो, तुम्हीही इथे बसला आहात म्हणून सांगतो. बायकोच्या नावावर कर्ज स्वस्त मिळते म्हणून तिची पत विकून खाऊ नका.

नावावरून घराकडे येते. बाईला मोठे भांडवल मिळत नाही याचे एक मोठे कारण, तारण ठेवायला तिच्या नावावर काही नसते. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, आणि त्यात बाईच्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क मानला आहे. कायदा झाला, पण खोली भाड्याची, भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर! आता वेळ आली आहे. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी इथल्या बीडीडी चाळी पाडून १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांचे घर मिळणार आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. कागद होताना घरातल्या बाईचे नाव त्यावर लागते की नाही, हे तेव्हाच बघा. नंतर वकिलाकडे पळून उपयोग नाही.

आणि या नव्या इमारतींची एक काळजीही आहे. चाळीच्या गॅलरीत मसाला वाळत घालता यायचा, जिन्याशी बसून भाजी निवडता यायची, गिऱ्हाईक दारात यायचे. वर, लिफ्टच्या पलीकडे, वॉचमन गिऱ्हाइकाला सोडेल का? सोसायटी पापड वाळवू देईल का? घर मोठे होईल आणि धंदा बसेल, असे व्हायला नको. गिरगावात १९५९ साली, १५ मार्चला, सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवरच पापड लाटायला घेतले होते, ऐंशी रुपये उसने घेऊन. लिज्जत म्हणतात ते हेच. पहिल्या वर्षी विक्री झाली ६,१९६ रुपयांची. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. ती गच्ची त्यांना मिळाली नसती तर? म्हणून आमची मागणी आहे की, सोसायट्या स्थापन होतील तेव्हा आपल्या माणसांनी एक सामाईक खोली बायकांच्या कामासाठी मागून घ्यावी, आणि नियम लिहिताना बायकांना त्या बैठकीत बसवावे. अध्यक्षांनी याची नोंद घ्यावी.

वेळ संपत आली, भोजनदानाची तयारी बाहेर दिसते आहे. तेव्हा एवढेच. येत्या पौर्णिमेपासून दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत बसणार आहोत. येताना एक शंभर पानी वही, पासबुक, आधार आणि पॅन कार्ड आणावे. मागच्या महिन्यात कुणाला काय विकले आणि कुणाचे येणे आहे, ते आठवून यावे. बँकेत जायचे असेल त्या दिवशी चौघी बरोबर येऊ. दुकानात काम करणाऱ्या आमच्या एका मावशींनी वही कशी मांडायची ते शिकवायचे कबूल केले आहे. चहा मंडळातर्फे, पण त्याचाही खर्च पहिल्या पानावर लिहिला जाईल.

जयभीम. नमो बुद्धाय.